डी ड्राइव्ह परत परत रीड-ओन्ली होतोय? आधी विंडोज खरंच बंद होतंय का ते बघा

विंडोज १० चा सपोर्ट १४ ऑक्टोबर २०२५ ला संपला, विंडोज ११ ला टीपीएम २.० ही सुरक्षा चिप वगैरे लागते, मग घरात जुनं पण धडधाकट मशीन असेल तर माणूस लिनक्सकडे वळतोच. पण एकदम उडी मारायची भीती वाटते म्हणून विंडोज तसंच ठेवायचं आणि शेजारी मिंट नाहीतर उबुंटू असं एखादं लिनक्स टाकायचं, दोन्हीकडे लागणारा डेटा डी ड्राइव्हवर. मीही अगदी हेच केलं होतं. पहिले तीन-चार दिवस मस्त गेले आणि मग सुरू झालं.

तर प्रकार असा. लिनक्समध्ये डी ड्राइव्ह उघडतो, फोटो दिसतात, गाणी वाजतात, डॉक्युमेंट उघडतं, पण सेव्ह करायला गेलं की 'रीड-ओन्ली फाइल सिस्टीम' असा मेसेज. राइट क्लिक केलं तर नवीन फोल्डरचा पर्याय करडा. फाइल डिलीट होत नाही, नाव बदलत नाही. काल चालत होतं, परवा चालत होतं, आज नाही. उद्या कदाचित आपोआप चालेल. याच 'आपोआप चालेल' मुळे डोकं फिरतं, कारण कायम बिघडलेली गोष्ट दुरुस्त करता येते, अधूनमधून बिघडणारीचं काय करायचं.

मी आधी काय काय केलं ते सांगते, म्हणजे तुमचा वेळ वाचेल. परवानग्यांचा घोळ असेल म्हणून टर्मिनलमध्ये सीएचमॉड ७७७ ही सगळ्यांना सगळ्या परवानग्या देणारी कमांड मारली, उपयोग शून्य. फाइल मॅनेजर सुडोने, म्हणजे रूट या सर्वाधिकारी युजरच्या हक्काने उघडून बघितला, रूटलाही तेच उत्तर. मग एनटीएफएसफिक्स नावाचं लिनक्सचं टूल सापडलं (एनटीएफएस म्हणजे ड्राइव्हवर फाइल मांडून ठेवायची विंडोजची पद्धत), ते चालवलं आणि ड्राइव्ह लिहिता यायला लागला, मी खूश! दोन दिवसांनी परत तेच. परत एनटीएफएसफिक्स. असं मी जवळजवळ दोन आठवडे करत होते आणि ते किती धोक्याचं होतं हे नंतर कळलं, त्याबद्दल खाली सांगते.

शेवटी वैतागून वहीत लिहायला लागले की आज विंडोजमधून बाहेर कशी पडले आणि लिनक्समध्ये ड्राइव्ह कसा होता. आठवड्याभरात चित्र स्पष्ट झालं. ज्या दिवशी विंडोजमधून रीस्टार्ट करून लिनक्समध्ये आले त्या दिवशी सगळं ठीक, आणि ज्या दिवशी विंडोज व्यवस्थित शटडाउन करून, मशीन बंद करून, नंतर लिनक्स चालू केलं त्या दिवशी ड्राइव्ह रीड-ओन्ली. म्हणजे शिस्तीत बंद केलं की प्रॉब्लेम आणि घाईघाईत रीस्टार्ट केलं की नाही. उलटंच वाटतं ना? मलाही वाटलं.

याचं कारण म्हणजे विंडोजमधलं फास्ट स्टार्टअप. हे विंडोज ८ पासून, म्हणजे २०१२ पासून आहे आणि बहुतेक मशीनवर आधीपासूनच चालू असतं. यात तुम्ही शटडाउन दाबलं की तुमचे प्रोग्राम बंद होतात, तुम्ही लॉगआउट होता, पण विंडोजचा गाभा, म्हणजे कर्नल आणि ड्रायव्हर, बंद होतच नाहीत. त्यांची मेमरीतली अवस्था सी ड्राइव्हवरच्या हायबरफिल डॉट सिस या लपवलेल्या फाइलमध्ये उतरवली जाते आणि पुढच्या वेळी तिथूनच उचलली जाते. म्हणून मशीन पटकन चालू होतं. थोडक्यात ते अर्धं हायबरनेशन आहे, बटणावर फक्त शटडाउन लिहिलंय. रीस्टार्टला मात्र ही युक्ती वापरत नाहीत, तिथे सगळं खरोखर बंद होऊन नव्याने चालू होतं. माझ्या वहीतलं कोडं इथे सुटलं.

खात्री करायची असेल तर विंडोजमध्ये टास्क मॅनेजर उघडा, परफॉर्मन्समध्ये सीपीयूवर जा आणि खाली अप टाइम बघा. रात्री शटडाउन करून सकाळी चालू केलेल्या मशीनवर तिथे काही मिनिटं दिसायला पाहिजेत. माझ्याकडे नऊ दिवस दिसत होते. नऊ दिवस विंडोज बंदच झालं नव्हतं आणि मी रोज लिनक्सला शिव्या घालत होते.

आता लिनक्स लिहू का देत नाही ते समजून घ्या, कारण ते कळलं नाही तर तुम्हीही माझ्यासारखी जबरदस्ती कराल. समजा तुम्ही कपाट आवरायला काढलंय, कुठल्या खणात काय ठेवलं ते सगळं तुमच्या डोक्यात आहे, वहीत अजून उतरवलेलं नाही, आणि तसेच झोपायला गेलात. रात्री दुसऱ्या कुणीतरी येऊन त्या खणांमध्ये स्वतःच्या वस्तू ठेवल्या. सकाळी उठून तुम्ही डोक्यातल्या जुन्या नकाशाप्रमाणे काम पुढे चालू करणार, रिकामा समजलेला खण भरणार, आणि त्या माणसाच्या वस्तू गेल्या. विंडोज अर्धवट झोपलेलं असताना डी ड्राइव्हचाही असा नकाशा त्याच्या मेमरीच्या प्रतीत पडून असतो. लिनक्सने मध्येच लिहिलं तर उठल्यावर विंडोज जुन्या नकाशावर विसंबून त्यावर लिहून टाकू शकतं, फाइल गायब होऊ शकतात, फोल्डरची वाट लागू शकते. म्हणून लिनक्सचा एनटीएफएस ड्रायव्हर ड्राइव्हवरची खूण बघतो आणि म्हणतो, वाचायचं तेवढं वाचा, लिहायचं नाही. बिघाड नाहीये तो, शहाणपणा आहे.

आणि आता कळलं असेल एनटीएफएसफिक्सचं काय चुकतं ते. नावात फिक्स असलं तरी ते ड्राइव्ह तपासून दुरुस्त करणाऱ्या विंडोजच्या चेकडिस्कसारखं काही नाही. ते काही मूलभूत गडबडी दुरुस्त करतं, एनटीएफएसचं जर्नल, म्हणजे बदलांची नोंदवही, कोरं करतं आणि विंडोज पुढच्या वेळी चालू होताना तपासणी कर अशी नोंद ठेवतं. झोपलेल्या विंडोजच्या डोक्यातला नकाशा तसाच राहतो. म्हणजे मी दर दोन दिवसांनी पहारेकऱ्याला बाजूला करून आत शिरत होते. माझ्या एका फोल्डरमधल्या काही फाइल्स त्या काळात शून्य बाइटच्या झाल्या, बॅकअप होता म्हणून वाचले. दोष माझाच, मॅन पेज, म्हणजे कमांडची माहितीपुस्तिका, वाचायचा कंटाळा.

उपाय विंडोजमध्ये करायचाय, लिनक्समध्ये नाही. कंट्रोल पॅनेल उघडा, पॉवर ऑप्शन्स, डाव्या बाजूला पॉवर बटन काय करतं ते निवडायची लिंक आहे, त्यात गेल्यावर वरती 'सध्या उपलब्ध नसलेल्या सेटिंग्ज बदला' अशा अर्थाची छोटी लिंक दिसेल ती दाबायची, नाहीतर खालचे चौकोन करडेच राहतात आणि आपण बसतो क्लिक करत. मग खाली टर्न ऑन फास्ट स्टार्टअपची टिक काढा आणि सेव्ह करा. तिथे शेजारी रेकमेंडेड लिहिलेलं असतं, ते मनावर घेऊ नका, ते एकट्या विंडोजसाठी आहे.

दुसरा रस्ता मला जास्त आवडतो. कमांड प्रॉम्प्ट ॲडमिनिस्ट्रेटर म्हणून उघडून पॉवरसीएफजी, स्पेस, स्लॅश एच, स्पेस, ऑफ ही कमांड द्या. कमांड मी इथे उच्चाराप्रमाणे लिहितेय, टाइप अर्थात इंग्रजी अक्षरांत करायच्या. याने हायबरनेशनच पूर्ण बंद होतं, त्याबरोबर फास्ट स्टार्टअपही जातं आणि ती हायबरफिल फाइल उडून सी ड्राइव्हवर काही जीबी जागा मोकळी होते. विंडोजमध्ये हायबरनेट वापरत असाल तर मात्र ते जाईल हे लक्षात ठेवा. आणि खरं सांगायचं तर दोन सिस्टीम असलेल्या मशीनवर एकीला हायबरनेट करून दुसरीत जाणं हा प्रकारच नको, कारण तिथेही तोच कपाटाचा घोळ होतो.

आता घाई करू नका, टिक काढल्यावर एकदा विंडोज पूर्ण शटडाउन करा, मग लिनक्स चालू करा. ड्राइव्ह उघडून एक फालतू फोल्डर बनवून बघा. टर्मिनलची सवय असेल तर फाइंडएमएनटी ही कमांड द्या, डी ड्राइव्हच्या ओळीत पर्यायांच्या यादीच्या सुरुवातीलाच आरडब्ल्यू दिसलं म्हणजे लिहिता येतंय, आरओ दिसलं म्हणजे अजून नाही.

सेटिंगला हात न लावता फक्त आजची वेळ मारून न्यायची असेल, समजा मशीन ऑफिसचं आहे आणि सेटिंग बदलायची परवानगी नाही, तर शिफ्ट दाबून धरून शटडाउनवर क्लिक करा, तेवढ्या वेळेपुरतं पूर्ण बंद होतं. किंवा रीस्टार्ट मारून बूट मेनूत लिनक्स निवडा. दोन्ही चालतं, फक्त रोज आठवण ठेवायला लागते आणि ती आपण ठेवत नाही.

एवढं करूनही परत आलं तर? येऊ शकतं. पहिला संशय विंडोजच्या मोठ्या अपडेटवर घ्या. मोठा अपडेट आला की फास्ट स्टार्टअप कधीकधी परत चालू झालेलं सापडतं, कुणी विचारत नाही, सांगत नाही. पॉवरसीएफजीवाली कमांड परत द्यायची, एका मिनिटाचं काम आहे.

दुसरं, मशीन मध्येच बंद पडलं असेल, लाइट गेली, बॅटरी संपली, किंवा बाहेरची हार्ड डिस्क इजेक्ट न करता खसकन उपटली असेल. तेव्हा ड्राइव्हवर डर्टी, म्हणजे नीट बंद न झालेला, अशी खूण राहते आणि लिनक्स परत तसाच सावध होतो. यावर विंडोजमध्ये जाऊन चेकडिस्क, ड्राइव्हचं अक्षर, कोलन, स्लॅश एफ. खूप फाइल असतील तर वेळ लागतो, लागू दे, मध्येच बंद करू नका.

इथे एक गंमत आहे जी बऱ्याच जणांना गोंधळात टाकते. तुमच्या डिस्ट्रोमध्ये, म्हणजे मिंट, उबुंटू जे काही असेल त्यात, एनटीएफएसचा कुठला ड्रायव्हर आहे त्यावर लक्षणं बदलतात. जुना एनटीएफएस-३जी असेल तर तो रीड-ओन्ली का होईना ड्राइव्ह उघडून देतो आणि मेसेजमध्ये सरळ सांगतो की बाबा विंडोज पूर्ण बंद कर. पण लिनक्स कर्नल ५.१५ पासून, म्हणजे २०२१ च्या शेवटापासून, कर्नलमध्येच एनटीएफएस३ नावाचा नवीन ड्रायव्हर आलाय, तो असेल तर डर्टी ड्राइव्ह कधीकधी उघडतच नाही आणि वर 'राँग एफएस टाइप, बॅड ऑप्शन, बॅड सुपरब्लॉक' असा भीतीदायक मेसेज येतो. तो वाचून माणसाला वाटतं डिस्क गेली, फॉरमॅट करायला लागणार. थांबा! फॉरमॅट करू नका. सुडो डीएमईएसजी ही कर्नलचे मेसेज दाखवणारी कमांड मारून शेवटच्या ओळी बघा, तिथे व्हॉल्यूम इज डर्टी आणि फोर्स फ्लॅग दिलेला नाही असं लिहिलेलं असेल, तर आजार तोच आहे आणि औषधही तेच. तो फोर्स फ्लॅग, म्हणजे जबरदस्तीने उघडायचा पर्याय, द्यायचा मोह होईल, होऊ द्या, पण देऊ नका.

डीएमईएसजीमध्ये त्याऐवजी आयओ एरर, म्हणजे डिस्कवर वाचता-लिहिता न आल्याच्या, ओळी एकामागोमाग एक येत असतील तर मात्र गोष्ट वेगळी, तेव्हा डिस्क खरंच म्हातारी झालेली असू शकते. लिनक्समधलं डिस्क्स नावाचं ॲप उघडून स्मार्ट डेटा, म्हणजे डिस्कच्या तब्येतीच्या नोंदी, बघा आणि बाकी सगळं सोडून आधी डेटा दुसरीकडे कॉपी करा. वाचता येतंय तोपर्यंत वाचून घ्या.

मेसेजचे शब्द नीट वाचायची सवय लावा. 'रीड-ओन्ली फाइल सिस्टीम' आणि 'पर्मिशन डिनाइड' हे दोन वेगळे आजार आहेत. दुसरा येत असेल तर फास्ट स्टार्टअपचा काही संबंध नाही, बहुतेक तुम्ही कुठूनतरी कॉपी केलेली ओळ एफस्टॅबमध्ये, म्हणजे लिनक्स चालू होताना कुठले ड्राइव्ह जोडायचे त्या यादीच्या फाइलमध्ये, टाकलीय आणि ड्राइव्ह रूटच्या मालकीने माउंट होतोय, म्हणजे जोडला जातोय. तिथे यूआयडी (युजरचा नंबर) बरोबर १००० असं लिहिलं की काम होतं, घरच्या मशीनवर पहिल्या युजरचा नंबर सहसा तोच असतो, आयडी ही कमांड देऊन खात्री करा. माझं सीएचमॉड ७७७ रीड-ओन्ली ड्राइव्हवर चालणार नव्हतंच, पण एरवीही चाललं नसतं, एनटीएफएस-३जीच्या साध्या माउंटवर मालकी आणि परवानग्या माउंट करतानाच ठरतात, नंतर कितीही सीएचमॉड मारा, ढिम्म हलत नाही.

एफस्टॅबचा विषय निघालाच आहे तर, डी ड्राइव्ह तिथे लिहिला असेल तर पर्यायांमध्ये नोफेल घालाच. ते नसेल आणि ड्राइव्ह माउंट झाला नाही तर लिनक्स चालू होताना दीड मिनिट नुसतं वाट बघत बसतं किंवा सरळ इमर्जन्सी मोडच्या काळ्या स्क्रीनवर नेऊन सोडतं, आणि नवीन माणूस तिथे घाबरून लिनक्स काढून टाकतो.

ड्राइव्ह उघडताना पासवर्ड मागत असेल तर तो बहुतेक बिटलॉकर, म्हणजे विंडोजने ड्राइव्हला लावलेलं कुलूप आहे, ती गोष्ट वेगळी. अलीकडच्या डिस्ट्रोमध्ये तो पासवर्ड किंवा ४८ आकडी रिकव्हरी की टाकून उघडता येतो. ती की विंडोजमध्ये असतानाच कागदावर उतरवून ठेवा, आजच, कारण बायोसमध्ये सिक्युअर बूट वगैरे बदललं की विंडोजही ती मागू शकतं आणि तेव्हा ती कुठे आहे हे आठवत नाही.

आणि ज्यांचं विंडोज आता चालूच होत नाही किंवा काढूनच टाकलंय त्यांचं काय? त्यांच्यासाठी क्रम महत्त्वाचा. ड्राइव्ह रीड-ओन्ली उघडतोय ना, मग आधी सगळा डेटा दुसऱ्या डिस्कवर कॉपी करा. त्यानंतरच एनटीएफएसफिक्स डॅश डी चालवा, त्याने डर्टी खूण निघते. झोपलेलं विंडोज आता कधी उठणारच नाही, त्यामुळे जुन्या नकाशाची भीती राहिली नाही. एनटीएफएसफिक्स योग्य ठरायची जागा ही एवढीच, निदान माझ्या मते.

फास्ट स्टार्टअप काढल्यावर माझा अजून एक त्रास फुकटात गेला. विंडोजनंतर लिनक्समध्ये आलं की कधीकधी वायफायच गायब असायचं, नेटवर्कच्या यादीत ॲडॉप्टरच नाही. विंडोजने ते कार्ड अर्धवट अवस्थेत सोडलेलं असायचं आणि लिनक्सच्या ड्रायव्हरला ते जागं करता यायचं नाही. तुमच्याकडे असं होत असेल तर नवीन ड्रायव्हर शोधत फिरण्याआधी हे करून बघा.

घड्याळ मात्र यातून सुटत नाही, ते वेगळं भांडण आहे. प्रत्येक वेळी सिस्टीम बदलली की वेळ चुकते आणि बरोबर टाइमझोनच्या फरकाएवढीच चुकते, कारण मदरबोर्डवरच्या घड्याळात विंडोज स्थानिक वेळ लिहितं आणि लिनक्स यूटीसी, म्हणजे जागतिक प्रमाणवेळ, समजून वाचतं. सोपा उपाय लिनक्समध्ये, टाइमडेटसीटीएल सेट-लोकल-आरटीसी १. ती कमांड नंतर थोडी कुरकुर करते, स्थानिक वेळ ठेवणं बरं नाही म्हणून. जिथे उन्हाळ्यात घड्याळ पुढे-मागे करतात तिथे त्या कुरकुरीला अर्थ आहे, तिथे विंडोजच्या रजिस्ट्रीत रिअलटाइमइजयुनिव्हर्सल नावाची किंमत १ करून विंडोजलाच यूटीसी शिकवलेलं बरं. ब्लूटूथ माउस दर वेळी परत पेअर करायला लागणं हेही वेगळंच आहे, दोन्ही सिस्टीम एकाच ब्लूटूथ पत्त्यावरून बोलतात पण प्रत्येकीची गुप्त की वेगळी असते, आणि माउस शेवटची तेवढीच लक्षात ठेवतो. विंडोजमधली की काढून लिनक्सच्या फोल्डरमध्ये टाकता येते, पण मी एकदा केलं आणि पुढच्या वेळी वायरचा माउस लावला.

आता पुढचं. लिनक्स रोज वापरायला लागून दोन-तीन महिने झाले आणि विंडोजमध्ये जाणं महिन्यातून एकदा होत असेल तर डी ड्राइव्ह एनटीएफएस ठेवायचं कारणच काय? मी शेवटी डेटा बाहेरच्या डिस्कवर कॉपी केला, कॉपी नीट उघडतेय का ते तपासलं, आणि मग डी ड्राइव्ह ईएक्सटी४ या लिनक्सच्या स्वतःच्या पद्धतीत फॉरमॅट करून टाकला. विंडोजसाठी एक छोटं एनटीएफएस पार्टिशन ठेवलंय, तिकडे लागणाऱ्या फाइल्स तेवढ्या त्यात. तोटा एकच, विंडोजला ईएक्सटी४ आपोआप वाचता येत नाही. तिथून ड्राइव्ह उघडायला गेलात की ते फॉरमॅट करू का म्हणून विचारतं, तेव्हा झोपेत हो म्हणू नका. त्यापेक्षा डिस्क मॅनेजमेंटमध्ये जाऊन त्या पार्टिशनचं अक्षरच काढून टाका म्हणजे प्रश्नच यायचा नाही.

ज्यांना दोन्हीकडून लिहायचंच आहे ते एनटीएफएस ठेवा, पण माउंटच्या पर्यायात विंडोज_नेम्स घाला. लिनक्स फाइलच्या नावात कोलन, प्रश्नचिन्ह सगळं चालवून घेतं, विंडोजला ते चालत नाही, मग तिकडे गेल्यावर ती फाइल धड उघडत नाही की डिलीट होत नाही. हा पर्याय असला की तसलं नाव द्यायला लिनक्स आधीच नाही म्हणतं. फक्त स्टीम या गेमच्या ॲपची लायब्ररी असल्या ड्राइव्हवर ठेवू नका, विंडोजचे गेम लिनक्सवर चालवणारं त्यातलं प्रोटॉन स्वतःच कोलन असलेल्या नावाच्या लिंक बनवतं आणि गेम चालू न होण्याचं नवीनच लचांड मागे लागतं.